रसूलभाईचा उजवा हात

तासगावात आमच्या आळीला बांगड्या रसूल मणियारच भरायचा. हाताचं हाड बोटांनी चाचपून तो अशी बांगडी सरकवायचा, की मनगटाला पत्तासुद्धा लागत नसे. पण चौऱ्याहत्तरच्या थंडीत त्यानं माझ्या हातावर लागोपाठ बांगड्या वाढवल्या, काचा फुटून मांडीवर पडल्या. त्याची उजवी बोटं निळी पडलेली, एकाच्या टोकाला काळी जखम.

"रसूलभाई, हात हाय का हिरीतला दगुड?"

"कळंनाच झालंय, आक्का. काच कुठं आन् कातडं कुठं."

असं म्हणून त्यानं विडी पेटवली आणि ऊब घ्यायला मुठीत धरली. बोटं गार पडली की विडी, हाच त्याचा उपाय. माझं डोकंच फिरलं. उन्हाळ्यात अंजनाचं लग्न. माझा चुडा याच्या बापानं भरलेला, आणि माझ्या लेकीचा काय परक्यानं भरायचा? त्याची बायको शमशाद आणि मी, दोघींनी त्याला धरून मिरजेला नेलं.

डॉक्टरांना मनगटाची नाडी लागता लागेना. म्हणाले, "विडीनं रक्ताच्या नळ्या बंद होत आल्यात. ओढत राहिलात तर बोटं कापावी लागतील."

"पर सायेब, विडीनंच तर ऊब येती."

"ऊब नाही. तीच बोटं गारठवतेय."

नळ्या आवळून धरणारी मज्जातंतूची एक नस छातीत असते, ती कापली की हाताला रक्त येईल, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं. पण विडी कायमची सोडली तरच जखम भरणार होती. शमशादनं घरातले विड्यांचे सगळे कट्टे चुलीत घातले. तलफ आली की रसूल फुटाणे चावायचा आणि आम्हा दोघींच्या नावानं बोटं मोडायचा. मोडू दे म्हटलं, मोडायला शिल्लक तर आहेत.

चुडा भरायच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली होती. सगळ्या त्याच्या हाताकडे बघत होत्या. जखमेच्या जागी गुलाबी कातडं आलं होतं. त्यानं अंजनाचा अंगठा आत दुमडला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. एकही वाढली नाही. शेवटच्या बांगडीला मात्र तो थांबला. मी पुढं सरकले.

"काय झालं रं?"

"पोरीचा हात कापतुया, आक्का," तो हळूच म्हणाला. "मला कळतंय."

खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांदेखत रडले. मग डोळे पुसले आणि माझाही हात त्याच्यापुढं केला.