मिन्जूच्या आईची रानभाजी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची रोवळी आहे. कोरियातल्या एका डोंगराळ गावात मला विणलं. तिथली एक आजी वसंतात डोंगरावर जाऊन रानभाजी खुडायची, माझ्यात धुवायची आणि उकडून उन्हात वाळवायची. तिची लेक मिन्जू लग्न होऊन कतारमधल्या दोह्याला निघाली, तेव्हा आजीने मलाही तिच्या सामानात घातलं. तिथल्या अल अझीझिया भागातल्या फ्लॅटमध्ये माझा नवा संसार सुरू झाला.

दर उन्हाळ्यात आजीकडून वाळल्या भाजीचं पुडकं यायचं. मिन्जू भाजी भिजवून मऊ शिजवायची, माझ्यात निथळायची, हातांनी घट्ट पिळायची आणि लसूण, सोया सॉस, तिळाचं तेल लावून कालवायची. शेजारच्या रत्नागिरीच्या सलमाभाभी वाटी घेऊन हजर. "आमच्या टाकळ्याच्या भाजीची आठवण येते गं," असं म्हणत त्या वाटी पुसून खायच्या.

गेल्या वर्षीचं पुडकं भिजलं, पानं उलगडली आणि मिन्जूचा हात थांबला. काही पानांवर उभ्या चुण्या होत्या. तसली पानं विषारी असतात, हे आईनेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

"तेवढी वेचून काढ," भाभी म्हणाल्या.

"सगळं एकाच पाण्यात भिजलंय, भाभी. आणि आई कधी चुकत नाही. पानं ओळखण्यात तर नाहीच."

तिने सगळी भाजी कचऱ्याच्या पिशवीत उपडी केली. माझ्या कामट्यांना नुसता वास राहिला.

संध्याकाळी तिने कोरियन दुकानातून विकतचं पाकीट आणलं, भाजी केली आणि व्हिडिओ कॉल लावून आईसमोर जेवायला बसली.

"कोवळी आहे ना? वरच्या उतारावरची आहे," आजी म्हणाली.

"खूप कोवळी आहे, आई." मिन्जूने पुढचा घास घेतला. शेजारी बसलेल्या भाभींनी तोंड फिरवलं.

"पुढच्या वर्षी जास्त पाठवते."

"पाठवू नकोस. मीच येते. दोघी मिळून खुडू."

ती आईकडे गावी गेली आणि मला भाभींकडे ठेवून गेली. आता माझ्यात कांदे असतात. परवा तिचा फोन आला होता. आजी आता तिलाच विचारते, "तू कुणाची गं?" तरी दोघी डोंगरावर जातात. आजी खुडते, आणि तिची पाठ वळली की मिन्जू चुकीची पानं काढून टाकते.

मित्रांनो, मला धुऊन उन्हात ठेवलंत तर मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरातलं कुणी असं चुकायला लागलं, तर त्याला टोकू नका. त्याच्यासोबत चाला.