आधीची घागर

“नळ गेला नि आला, म्हणून नंबर मोडतो व्हय गं? जिची घागर आधी लागली, तिची आधी भरू दे. नवी थांबंल घडीभर.”

तेर गावच्या नळावरचा आईचा, मुक्ताबाईचा, हा लहानपणीचा आवाज श्रावस्तीला भर दुपारी कारखान्याच्या शेती ऑफिसात ऐकू आला, आणि तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

समोर इंद्रजित ऊसतोडीची यादी छापत होता. त्या यादीतून जळकोट गटातल्या अकरा शेतकऱ्यांची नावं सकाळी गळाली होती. तिथल्या गट ऑफिसातला कारकून उत्तरेश्वर ती भरत असतानाच इथली वीज गेली, असं त्याचं म्हणणं. वीज आली तेव्हा यादी इंद्रजितच्या हाती, आणि वर त्याच्या चुलत्याचं नाव.

“ताई, मघाधरनं टक लावून बघायलाव. दृष्ट काढू का माझी?”

“वीज आल्या आल्या यादी तूच उघडलीस ना?”

“उघडली. कुलूप असतं तर उघडली असती का?”

खरंच होतं. यादीला एका वेळी एकाचाच हात लागावा म्हणून इथला सर्व्हर कुलूप देई. बंद पडून तो पुन्हा उठला, की नव्वद सेकंद नव्याला दार बंद. आधी ज्याचं कुलूप, त्यानं येऊन ते परत मागून घ्यावं. जळकोटचा जुना कॉम्प्युटर रांगत का होईना, चाळीसाव्या सेकंदाला पोचायचा.

आतल्या केबिनमधून शेती अधिकारी रणधीरसाहेबांचा आवाज चढला.

“नावं भरलीच न्हाईत तुम्ही, उत्तरेश्वर. उद्यापासून गटावर येऊ नका.”

“लेकराची शपथ, साहेब. भरली हुती.”

श्रावस्तीनं सेटिंग उघडलं. नव्वदच्या जागी दहा. पासवर्ड दोघांकडंच, तिच्याकडं नि इंद्रजितकडं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग आकड्याशेजारची, तो बदलल्याची तारीख वाचली. गेल्या महिन्यातली, अठरा. त्या दिवशी इंद्रजित भाचीच्या बारशाला गेला होता. पेढे तिनंच खाल्ले होते.

त्या दिवशी चारदा वीज गेली होती, आणि खिडकीवर ट्रॅक्टरवाले थाळीसारखा पत्रा बडवत होते.

कप तसाच राहिला. ती साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. उत्तरेश्वर हातातला रुमाल पिळत होता.

“साहेब, उत्तरेश्वरभाऊंनी नावं भरली होती. नव्यांना थांबवायची मुदत मी कमी केली. खिडकीवरचा ओरडा सोसंना, म्हणून.”