चालू वस्तू टाकायची नाही

धोंडीरामनानांना शुक्रवारी घरी सोडणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ललित आणि संतोष हे त्यांचे दोघे मुलगे दवाखान्याच्या जिन्यात उभे होते. नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पायात थोडी ताकद परतत होती, पण हात लाकडासारखा पडून होता. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. रोज व्यायाम करून घेणारा माणूस हवा, आणि तो आत्ता हवा. सुरुवातीच्या महिन्यांत हात जेवढा येईल तेवढा येईल. नंतर बोटं मिटून बसतात, ती उघडत नाहीत.

नाना राहायचे धाकट्या संतोष आणि त्याची बायको निकिता यांच्याकडे, सायखेड्याला. तिथं रोज घरी येऊन व्यायाम घेणारं कोणी मिळालं नव्हतं. थोरल्या ललितचं घर नाशकात सिडकोत, आणि फिजिओथेरपी करणाऱ्या तेजस्विनी मॅडम त्याच्याच गल्लीत राहत होत्या.

"नाना माझ्याकडे येतील," ललित म्हणाला. "खालची मागची खोली देतो. संडास-बाथरूम तिथंच आहे, जिना चढायला नको."

संतोषने त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्या खोलीत जागा कुठंय भाऊ? दिवाळीला निकितानं दार उघडलं तर तिच्या डोक्यात कीबोर्ड पडले."

"रिकामी करतो."

"खरं सांग. नायतर मी नेतो त्यांना. हाताचं व्हायचं ते होईल, पण पडायला खाट तरी मिळंल."

"करतो म्हटलं ना."

ललितने ते मनापासून म्हटलं होतं.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका गाळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सुटे भाग जोडून तो नवे कॉम्प्युटर बनवून द्यायचा, बिघडलेले दुरुस्त करायचा. पुढे लोकांनी लॅपटॉप घेतले, मग त्यांचं फोनवरच भागू लागलं. टाळेबंदीत गाळा सुटला आणि गाळ्यातलं सगळं सामान मागच्या खोलीत आलं. ढब्बू पाठीचे जुने मॉनिटर भिंतीला लागून छतापर्यंत गेले. कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, वायरींचे गुंते. मधून एक वाट होती, तीही पुढे बुजली.

दुकानाचा त्याचा एक नियम होता. तपासल्याशिवाय काही फेकायचं नाही, आणि चालू निघालं तर मुळीच फेकायचं नाही. तपासलेल्या वस्तूवर तो कागदाची चिठ्ठी चिकटवायचा, 'चालू आहे' किंवा 'बंद'. बंद वस्तूतलेही धड भाग काढून ठेवायचे, मगच सांगाडा टाकायचा. ह्या नियमावर त्याने कित्येकांची अडलेली कामं काढून दिली होती. नाशकात कुठेच न मिळणारा भाग ललितकडे मिळतो, असं दुकानदारच गिऱ्हाइकांना सांगत. दुकान गेलं तरी नियम राहिला.

तेव्हा खोली रिकामी करायची म्हणजे काय, तर त्याने हॉलमध्ये टेबल मांडलं, टेस्टिंगचा एक मॉनिटर लावला, आणि खोलीतली एकेक वस्तू आणून तपासायला घेतली.

त्याची बायको ज्योत्स्ना पतसंस्थेतल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी आली तर तिला सोफ्यावर बसायला जागा नव्हती. खोलीतलं हॉलमध्ये आलं होतं, घराबाहेर काहीच गेलं नव्हतं.

"चंदर टेम्पो घेऊन दारात उभाय," ती म्हणाली. "काय देऊ त्याला?"

चंदर भंगारवाला आत डोकावला. "शेठ, दोन खेपांत खोली आरशासारखी करतो. तुम्ही फक्त हात लावू नका."

"उद्या ये. टेस्ट चाललंय."

"भंगाराचं काय टेस्ट? मी तर नेऊन फोडणारच."

ललितने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "चालू वस्तू फोडणार?"

"मग काय, हार घालू?" म्हणत चंदर हसला आणि गेला.

"निदान बंद पडलेलं तरी द्यायचं होतं," ज्योत्स्ना म्हणाली.

"त्यातले भाग काढायचेत अजून."

"आणि ते तिकडचे कॅबिनेट?"

"पूजेतले आहेत."

दर खंडेनवमीला ललित अवजारांबरोबर कॅबिनेटही पुजायचा. पूजेतली वस्तू भंगारात घालू नये, असं त्याची आई म्हणायची. ज्योत्स्नाने एक कॅबिनेट वळवून पाहिलं, दुसरं पाहिलं. कुंकवाची बोटं सगळ्यांवर होती.

"सगळ्यांनाच लावून ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली. "एकाला तरी विसरायचं."

ती वर निघून गेली. ललितला तिचं पटलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मन घट्ट केलं आणि बंद मॉनिटर अंगणात नेऊन ठेवले. खोलीत खाटेपुरती फरशी दिसू लागली. वाटेतली खोकी हलली, बाथरूमचं दार पुरतं उघडलं. त्याने ज्योत्स्नाला बोलावून दाखवलं. तिने फरशी पुसून काढली आणि गादीला ऊन दाखवायला गच्चीवर नेली.

नाना यायच्या आदल्या दिवशी सकाळी अंबडच्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांच्याकडची एक जुनी कापायची मशीन जुन्याच कॉम्प्युटरवर चालत होती. त्याचा मदरबोर्ड गेला होता, आणि तसा लांब खाचांचा बोर्ड आता कोणी बनवत नव्हतं. काम बंद पडलं होतं. कोणीतरी ललितचं नाव सांगितलं होतं.

"आहे माझ्याकडे," ललित म्हणाला. त्याचा आवाज ऐकून ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून बाहेर आली. असा आवाज तिने दुकान बंद झाल्यापासून ऐकला नव्हता.

"मिळाला की फोन करतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"उद्या नाना येतायत," ती म्हणाली.

"तासाभराचं काम आहे."

बोर्ड कोणत्या खोक्यात आहे ते त्याला ठाऊक होतं, पण ते खोकं आता जागेवर नव्हतं. त्याने हॉलमधली खोकी उघडली, मग खोलीतली. खालची काढायला वरची उतरवली आणि उतरवायला जागा म्हणून मोकळ्या फरशीवर ठेवली. अंगणातले मॉनिटरही आत आले, कारण त्यांच्यामागे ठेवलेल्या पोत्यात पाहायचं होतं आणि दुपारी आभाळ भरून आलं होतं. दिवस मावळता बोर्ड सापडला. त्याने जोडला, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

त्याने कारखान्यात फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं की दुपारीच ठरलं, जुनी मशीन काढून टाकतोय, नवीन घेतोय. त्रासाबद्दल माफी मागितली.

ललितने बोर्डवर चिठ्ठी चिकटवली. 'चालू आहे.'

शुक्रवारी ॲम्ब्युलन्स दारात लागली. संतोष आणि ड्रायव्हरने नानांना खुर्चीवर बसवून उंबऱ्याच्या आत आणलं, आणि तिथंच थांबले. पुढे खुर्ची जाईना. मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं.

नाना सगळीकडे हळूहळू पाहत होते. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "लेका, दुकान अजून चालूच हाय व्हय?"

ललितने वाटेतलं एक खोकं पायाने बाजूला सारलं.

"दोन दिवस दे, संतोष," ललित म्हणाला.

"दोन दिवस यांना कुठं ठेवू? ॲम्ब्युलन्समध्ये?"

"वर आरोहीची खोली आहे," ज्योत्स्ना म्हणाली. आरोही, त्यांची मुलगी, पुण्याला शिकत होती. "वरच नेऊ."

"आन् संडासला खाली कसं आणायचं वैनी, दर वेळी? पाठुंगळी?" संतोषचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. त्याने खुर्ची फिरवली. "चला नाना. आपल्या घरी जाऊ."

नानांनी डाव्या हाताने ललितच्या मनगटाला धरलं, थोडं थोपटलं, आणि सोडून दिलं.

नाना खरं तर तिसऱ्या दिवशी परत यायचे होते. ललितने तसा शब्द दिला होता. पण ॲम्ब्युलन्स दारातून गेली तशी घाईही गेली. हॉलमधलं सामान त्याने रीतसर खोलीत लावून ठेवलं, म्हणजे नीट क्रमाने तपासता येईल. सायखेड्याला फोन करून तो पुढच्या आठवड्याचं सांगायचा. पुढे संतोष फोन उचलेनासा झाला, मग निकिता उचलायची आणि म्हणायची, "बरंय भाऊजी. ठेवू?" ज्योत्स्ना त्या विषयावर बोलायची थांबली. तेजस्विनी मॅडमनी एकदा गल्लीत विचारलं, "आले का वडील?" तेव्हापासून तो त्यांच्या घरावरून जायचं टाळू लागला.

उन्हाळा लागल्यावर तो एकटाच सायखेड्याला गेला. नाना ओट्यावर बसून डाव्या हाताने भाकरी मोडत होते. उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती. जेवण झाल्यावर निकिता नेलकटर घेऊन आली. मूठ उघडत नव्हती. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आत फडक्याची सुरळी कोंबली होती. ती काढताना नाना दुसरीकडे बघत राहिले. फडक्याला जखमेचा वास होता.

"लय दुखतं का नाना?" ललितने विचारलं.

"आता नाय दुखत," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चंदर टेम्पो घेऊन आला. ललित दारात उभा राहिला आणि त्याने कशालाच हात लावला नाही. मॉनिटर जाताना एकमेकांवर आपटत होते. कॅबिनेटवरचं कुंकू चंदरच्या हाताला लागलं, ते त्याने पँटला पुसलं.

"शेठ, यावर चालू लिहिलंय," एक बोर्ड वर करून तो म्हणाला. "ठेवायचा?"

"ने," ललित म्हणाला.

त्याने भिंतींना चुना लावला, खाट आणली, बाथरूमला धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. मग संतोषला फोन करून बराच वेळ विनवलं. शेवटी संतोष नानांना घेऊन आला. त्यांना खाटेवर निजवलं. नाना छताकडे, चारी कोपऱ्यांकडे बघत राहिले.

"केवढी मोठी हाय रं ही खोली," ते म्हणाले.

तेजस्विनी मॅडम आल्या. त्यांनी हात वरून खालपर्यंत चाचपला, कोपर वाकवून पाहिलं, बोटं एकेक करून उचलायचा प्रयत्न केला. अंगठा थोडा सुटला, बाकीची नाहीत.

"सांधे धरलेत," त्या ललितकडे न बघता म्हणाल्या. "आता आणखी आवळू नये एवढं बघायचं. ते व्यायाम मी शिकवते, घरचं कोणीही करू शकेल."

"म्हंजी हात येणार नाय?" नानांनी विचारलं.

"अवघड आहे, बाबा."

"सायखेड्याला केलं तरी चालंल?"

"हो. कुठेही."

नानांनी मान हलवली. मग ते संतोषकडे वळले.

"मग हितं कशाला ऱ्हायचं? गाडी हाय ना अजून भायेर?"

"हाय," संतोष म्हणाला.

ललितने खाली वाकून नानांच्या चपला शोधल्या. त्या खाटेखाली सरकल्या होत्या. त्याने आधी डावी घातली, मग उजवा पाय हाताने उचलून उजवी.