हातानं आवळलेले बोल्ट

दसऱ्याच्या सकाळी अभिमन्यूला अंगणातल्या फरशीवर तेलाचे दोन ताजे डाग दिसले. काल दिवसभर तिथे त्याच्या बहिणीची, राजनंदिनीची, डोंगरात चालवायची सायकल उभी होती. डाग बरोबर पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना होते.

परवा त्याने सायकलचे पुढचे शॉकअप उघडले होते. वरच्या दोन चकचकीत नळ्यांवरून खालचे पाय, म्हणजे चाकाला धरणाऱ्या जाड नळ्या, ओढून काढले, आतला मळ पुसला, नवं तेल घातलं, पाय परत चढवले. ते पाय धरून ठेवतात तळाचे दोन बोल्ट. ते बोटांनी फिरवून बसवेपर्यंत दिवेलागण झाली. काल खंडेनवमी. एलन-की, पान्हे, कोयते, सगळं हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेलं. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे आईने, मंजुळाबाईंनी, पुन्हा बजावलं. उद्या आवळू, असं त्याने ठरवलं. बहिणीला सांगायचं राहून गेलं.

ती पहाटेच सायकल घेऊन कपिलधारच्या डोंगराकडे गेल्याचं आई म्हणाली. तिचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला होता.

त्याने मोटारसायकल काढली. पुढच्या चाकावर वजन आहे तोवर पाय निसटणार नाहीत, असं तो वाटभर स्वतःला समजावत होता. पण चाक हवेत गेलं की त्यांना धरायला काही नाही. आणि डोंगराच्या मधोमध एक खडकाची पायरी होती. तिथून ती दर वेळी सायकलसकट उडी घ्यायची.

तो पायथ्याशी पोचला तेव्हा ती वरून निघालेली दिसली. त्याने हाका मारल्या. तिने हात हलवला आणि वेग वाढवला. तो चढ धावत गेला आणि पायरीच्या खाली, जिथे तिचं चाक टेकायचं तिथेच, हात पसरून उभा राहिला.

मागचं चाक खडीवरून घसरत आलं. पायरीच्या अगदी कडेला ती थांबली.

"दादा, मधी कावून उभा ऱ्हायलास? अंगावर आले असते की."

"उतर. चाक उचलू नको."

"झालं काय पन?"

"हळू उतर म्हन्लं ना."

ती उतरली. त्याने वर चढून हँडल धरलं आणि सावकाश उचललं. हँडल वर आलं, चाक खडकावरच राहिलं. दोन्ही नळ्या पायांतून सरकत बाहेर आल्या आणि ब्रेकची नळी ताणली गेल्यावर थांबल्या. तेल दगडावरून ओघळलं. तळाच्या दोन्ही बोल्टांचा पत्ता नव्हता.

त्याने सगळं सांगितलं, हत्यारांच्या पूजेसकट. राजनंदिनी पायरीच्या कडेवरून खाली बघत राहिली. ती चिडून काही बोलेल याची तो वाट पाहत होता. ती चिडली नाही.

"ही आजची दुसरी खेप हाय माजी," ती म्हणाली. "मघाशी एकदा मारली उडी. टेकताना पुढं कायतरी खटकन वाजलं. म्हन्लं, खडा लागला आसंल."

अभिमन्यूच्या हातातून हँडल सुटलं. तिने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि तीही शेजारी बसली.