दोन जादा पाटे

खंडाळ्याहून फोन आला तेव्हा मी एका पिकअपखाली पाठीवर पडलो होतो. डिफरन्शिअलचं झाकण नुकतंच सोडलं होतं आणि काळं ऑइल घमेल्यात गळत होतं. सकाळचे दहा वाजले असतील.

"जैनुद्दीन मिस्त्री का? माधवनगर, सांगली?"

"व्हय."

"साताऱ्याकडच्या खंडाळा पोलीस ठाण्यातून बोलतोय. अकिला तुमच्या कोण?"

"बायको."

तो म्हणाला, बोगद्याच्या पुढच्या उतारावर पिकअप उलटली. ड्रायव्हर वाचला. तुम्ही लगेच निघा.

मी काय विचारायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी विचारलं, "मागचं चाक कुठाय?"

"तुमाला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "चाक अ‍ॅक्सलसकट निसटून लांब शेतात पडलंय."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते पंधरा दिवस आधीपासून माहीत होतं.

ती गाडी भाऊसोची. भाऊसो सांगलीच्या बाजारातून गूळ उचलतो आणि पुण्याला पाठवतो. त्याच्या चार पिकअप आहेत, आणि चारही माझ्याच हाताखाली आहेत. ही गाडी महेंद्र चालवायचा. पंधरा दिवसांपूर्वी तो ती माझ्या शेडसमोर लावून उतरला आणि म्हणाला, "चाचा, ही मागनं लय वरडतीया. साठच्या वर गेलं की घूं घूं. रेडिओ लावायची गरजच न्हाई बगा."

मी चाक हातानं फिरवून बघितलं. मग खाली शिरून हाउसिंगवर, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या नळीवर, दोरी धरली. नळी वाकली होती. बेरिंग गेलं होतं.

"अ‍ॅक्सल काढून बघाय लागंल," मी म्हणालो. "दोन दिवस गाडी हितंच सोड."

"मालकाला तुमीच सांगा. माझं कवा ऐकलंय त्यानं?"

मी भाऊसोला फोन केला.

"मिस्त्री, गुळाचा सीझन हाय," भाऊसो म्हणाला. "गाडी हुबी केली तर माल डोक्यावरनं न्हिऊ का? आवाज तेवढा बसीव. महिन्यानं काय काढायचं ते काढ."

आवाज बसवायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. नळीतलं नव्वद नंबरचं ऑइल काढायचं आणि एकशेचाळीस नंबरचं भरायचं. ते काकवीसारखं घट्ट असतं. आतला बिघाड तसाच राहतो, फक्त तो ऐकू येत नाही. मी ते भरलं. महेंद्र चक्कर मारून आला आणि म्हणाला, "चाचा, तुमच्या हातात जादू हाय."

मला बरं वाटलं. आणि आवाज गेला म्हणून गाडीही बरी झाली, असं मलाही वाटायला लागलं. ज्यानं कान बंद केले त्यालाच ऐकू येईना.

अकिलाची धाकटी बहीण अफसाना शिरवळला असते. तिच्या मुलीला मुलगा झाला होता, त्याचा अकीका, म्हणजे जावळ काढायचा विधी, होता. अकिलानं बाळासाठी स्वतःच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली होती. दोन महिने रोज दुपारी ती शेडच्या मागच्या दारात बसून टाके घालायची.

"मी यष्टीनं जाते," ती म्हणाली. "साताऱ्याला उतरून दुसरी धरीन."

"गुडघं धरून यष्टी चढणार व्हय? भाऊसोची गाडी पहाटं निघतीया, शिरवळवरनंच जाती. म्होरं बसून जा."

"त्यो गूळ लय भरतोय म्हणं."

"गाडी माझ्या हाताखालची हाय," मी म्हणालो.

तिनं माझ्या कामावर आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती. तिला मीच हात देऊन केबिनमध्ये चढवलं. गोधडीची पिशवी तिच्या मांडीवर मीच ठेवली.

खंडाळ्याच्या दवाखान्यात तिच्या अंगावर पांढरी चादर होती. एका हवालदारानं मला ती पिशवी दिली. पिशवी रस्त्यावर पडली होती. गोधडीच्या एका कोपऱ्यावर ऑइलचा मोठा डाग होता. मी तो बोटांत चोळला. घट्ट, तार सुटणारं. एकशेचाळीस नंबर. ते ओळखायला मला वास घ्यावा लागला नाही.

महेंद्र पलीकडच्या खाटेवर होता. पाय मोडलेला, पायथ्याशी पोलीस.

"चाचा, मी पन्नासच्या वर न्हवतो," तो रडत म्हणाला. "चाची म्हणत हुत्या, हळू घे रं बाबा. मागनं खाट्कन आवाज आला आन् गाडी बसलीच. ब्रेक दाबला तर पॅडल सरळ खाली. तुमी तरी माझं खरं माना."

पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं, चालकाने वाहन हयगयीने व भरधाव वेगाने चालवले. गाडी उलटल्यामुळे चाक निघाले, असं तपासणीचा शेरा म्हणत होता. कुणी गाडीखाली शिरलं नव्हतं. महेंद्रला दवाखान्यातून तसंच तुरुंगात नेलं.

मी अकिलाला माधवनगरला आणलं आणि दफन केलं. लोक येत होते, सब्र करा म्हणत होते. मी मान हलवत होतो. मला सब्र नको होता. मला कुणाची तरी गचांडी धरायची होती, आणि प्रत्येक वेळी हात माझ्याच गळ्याशी येत होता.

आठव्या दिवशी महेंद्रची बायको आम्रपाली शेडमध्ये आली. दारातच उभी राहिली.

"चाचा, तुमच्या घरात असं झालंय, म्या कुठल्या तोंडानं बोलू? पण त्यो जोरात चालवत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. वकीलसाहेब म्हणत्यात, तुमीच फिर्यादी. तुमी काय बोलला तर फरक पडंल."

"बघतो," मी म्हणालो. एवढंच. ती गेल्यावर मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला.

अठराव्या दिवशी भाऊसो आला. कोर्टातून सोडवलेली ती पिकअप क्रेनला लावून त्यानं माझ्याच शेडसमोर आणली होती. केबिन चेपलेली. मागचं एक चाक हौद्यात टाकलेलं, तुटलेला अ‍ॅक्सल त्याला तसाच.

"ही हितं आणलीस?" मी विचारलं.

"दुसरीकडं टाकली असती," भाऊसो माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "पर दुसऱ्या कुणी उघडली तर नसती बोंब हुईल. नवा अ‍ॅक्सल घाल, नळी बदल, जुनं सामान भंगारात दे. वहिनी काय परत येत न्हाईत, मिस्त्री. विमेवाल्यांना एक चिठ्ठी दे, गाडी ठीक हुती म्हणून. ड्रायव्हरचं काय, सुटंल वरीस-दोन वर्सांत."

मी त्याचा हात खाली काढला आणि हौद्यात चढलो. अ‍ॅक्सलचं तुटलेलं तोंड फडक्यानं पुसलं. तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळा पडलेला, गुळगुळीत. उरलेला पांढरा, दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी भेग. ती कित्येक दिवस थोडी थोडी सरकत होती. उतारावर फक्त शेवटचा घास तुटला.

"हिकडं ये," मी म्हणालो. "बघ. हे उलटल्यामुळं तुटलेलं न्हाई. आधी हे तुटलं, मग गाडी उलटली. ह्यानं महेंद्र सुटतोय."

भाऊसोनं बघितलं. त्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. मग तो वाकला आणि मागच्या पाट्यांवर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, बोट ठेवून म्हणाला, "आन् हे कुणी घातलं?"

कंपनी एका बाजूला सात पाटे देते. या गाडीला नऊ होते. दीड टनाच्या गाडीत तीन टन भरले की गाडी मागं बसते आणि पोलिसाला लांबून दिसते. म्हणून मालक जादा पाटे मागतात. मग गाडी रिकामी असल्यासारखी ताठ उभी राहते. पण पाटे वाढले तरी खालचा अ‍ॅक्सल तोच राहतो. हे सांगलीतल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. मी तर प्रत्येक जादा पाट्यावर लोखंडी ठशानं 'जै' ठोकतो, दुसऱ्यानं माझं काम आपलं म्हणून सांगू नये म्हणून.

"मी घातलं," मी म्हणालो.

"मंग? मला आत टाकशील तर तू भाईर ऱ्हाशील व्हय?"

"न्हाई ऱ्हाणार."

"येडा झालास का रं?"

"तू तीन टन भरलंस. मी नळी वाकलेली बघून ऑइल भरलं. आन् पाय मोडून आत बसलाय कोण? तुझ्या गाडीत दोघं बसली हुती, भाऊसो. एक मेली आन् एक तुरुंगात हाय. आपुन दोघं हितं हुबं ऱ्हाऊन अ‍ॅक्सल बदलायची बोलणी करतोय. चल, नीघ."

त्यानं शिव्या दिल्या. मीही दिल्या. शेजारच्या वेल्डरनं मधे पडून त्याला बाहेर नेलं.

आलेली गाडी मी कधी न उघडता ठेवली नाही. ही ठेवली. एक बोल्टसुद्धा सैल केला नाही, कारण ते पोलिसांच्या पंचांसमोर व्हायला हवं होतं. शेडला कुलूप लावलं आणि गोधडीची पिशवी घेऊन सकाळच्या यष्टीनं निघालो. साताऱ्याला उतरलो आणि दुसरी धरली. जागा मिळाली. गुडघे दुखणाऱ्या बाईलाही मिळाली असती.

खंडाळ्याच्या हवालदारानं जबाब लिहून घेतला. पाट्यांपाशी आल्यावर त्यानं पेन थांबवलं.

"हे लिहू का? तुमच्यावरच येईल."

"लिवा. ऑइलचं बी लिवा."

जबाब लिहून झाल्यावर त्यानं तो मला वाचून दाखवला आणि मी सही केली. तिथून पुढं शिरवळला जाऊन अफसानाला गोधडी दिली. तिनं तो डाग धुऊन बघितला. तो गेला नाही. तिनं तो कोपरा पायाकडे करून गोधडी बाळावर घातली.

पुढच्या आठवड्यात पंच आले, नळी उघडली, आतला तुकडा बाहेरच्या तुकड्याला तंतोतंत जुळला. महेंद्रला जामीन झाला. भाऊसोवर आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला आहे. तारखा पडत आहेत.

सांगली, मिरज, तासगाव मिळून आणखी एकवीस गाड्यांना मी जादा पाटे घातले आहेत. सगळ्या मालकांना फोन केले. काढून देतो, या, म्हणालो. सहा गाड्या आल्या. बाकीचे मालक म्हणतात, सीझन संपू दे. काहींनी फोन ठेवला. एक म्हणाला, "मिस्त्री, तुमाला बायकोचा धक्का बसलाय."

पंधरा गाड्या अजून रस्त्यावर आहेत.