मंगलीचा कावळा

दुपारी मंगलीने अंगणात पळसाचं पान मांडलं, त्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि बापाला म्हणाली, "तू कावला."

लटारू उकिडवा बसला. पोर अडीच वर्षांची. आईच्या दहाव्याला वैनगंगेच्या काठी तिने हे पाहिलं होतं, तेव्हापासून रोज हाच खेळ. बाहुली दिली तर फेकून द्यायची. तो मध्येच उठला तर श्वास कोंडेपर्यंत रडायची.

त्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं. लोकांनी काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी सासू रुखमाबाईंनी लटारूचा दंड धरला. "जवाई, लेकरात जीव अडकला तिचा. वरोऱ्याच्या ज्योत्स्नामावशीकडे देतो म्हना." लटारूने म्हटलं. लगेच कावळा उतरला.

आता रुखमाबाई पोरीला न्यायला आल्या होत्या. ओट्यावर बसून झबली गाठोड्यात बांधत होत्या. मेलेल्या बायकोला, अख्ख्या गावासमोर दिलेला शब्द. तो मोडता येत नव्हता.

"उठा, जवाई. चारची यष्टी हाये. भर दुपारी कावळा होऊन काऊन बसले?"

"उठलो तं रडते, मामी."

"मंग खा न् मोकळे व्हा!"

मंगलीने हात जोडले. "खा ना, कावल्या. बांगडी देते."

लटारू हलला नाही.

"फुगा देते." मोठ्यांसारखी ती मागे सरली, वाट पाहिली. मग ओठ थरथरले. "मावशीकडे देते."

लटारूने तोंड फिरवलं. खाल्लं तर पोर दुसऱ्यांदा दिल्यासारखं होतं. मंगली रडायला लागली. रडता रडता श्वास अडकला, ओठ निळे पडले.

"खा न, जवाई! जीव घेता काय पोरीचा?"

लटारूने दात आवळून घेतले.

रुखमाबाई गाठोडं टाकून धावल्या. पानासमोर बसल्या, हात जोडले. "नाई नेत तिले. बापापाशीच राहू दे. खा बाप्पा, खा आता."

लटारूने वाकून गोळा तोंडात घेतला. माती दातांखाली करकरली.

मंगलीला हुंदका फुटला आणि श्वास परत आला. पदराने तिचं नाक पुसत रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "खेळातलं बोलनं होतं, जवाई. मी ज्योत्स्नाले काय सांगू?"

लटारू उठायला गेला. मंगलीने त्याचा खांदा खाली दाबला आणि पानावर दुसरा गोळा ठेवला.