सुहासिनीची पांढरी साडी

मी एक पांढरी सुती साडी आहे, बारीक निळ्या काठाची. १९७४ साली सुहासिनीच्या आईने मला बडोद्याच्या मंगळ बाजारातून घेतलं, लेकीच्या दृढीकरणासाठी. लूथरन ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. तेव्हा आईबापांनी दिलेला शब्द मुलं मोठी झाली की चर्चमध्ये मंडळीसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने देतात.

पाळकांनी विचारलं, "हा विश्वास सोडण्यापेक्षा मरण पत्करशील?" सोळा वर्षांची सुहासिनी खणखणीत आवाजात म्हणाली, "होय, देवाच्या साहाय्याने." मी तिच्या अंगावर होते. केवढा अभिमान वाटला मला.

पुढे लग्न होऊन ती बडोद्यातल्याच समा भागात राहायला आली. नवरा माधव पवार जवळच्या कोयलीच्या तेल रिफायनरीत नोकरीला, ती शाळेत शिकवायची. पहिल्याच ईस्टरनंतर तिने मला धुऊन गॅलरीत वाळत घातलं.

"पांढरी साडी कुणाची गं?" शेजारच्या कौशल्याताईंनी विचारलं.

"शाळेतल्या प्रार्थनेला लागते."

"आणि पवार म्हणजे आमच्या मराठ्यांतलेच ना? इथल्या सरदार घराण्यातले?"

"हो, लांबचे."

मरणाला न भ्यालेली पोरगी एका प्रश्नाला भ्याली. तेव्हापासून मी न्हाणीघरात वाळू लागले. वीस वर्षं तिथला कुबट वास अंगात मुरला. कौशल्याताई काही वाईट नव्हत्या. सुहासिनी तापाने पडली तेव्हा आठ दिवस डबा त्यांनीच पाठवला. दर वेळी वाटे, आज सांगेल. ती रिकामा डबा घासून परत द्यायची, एवढंच. साडीला बोलता येत नाही याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

मग तिची मुलगी निरुपमा सोळाची झाली. सुहासिनीने मला तिच्यापुढे ठेवलं. निरुपमाने हात लावला नाही.

"आई, रविवारी चर्चमध्ये मी होय म्हणेन. पण सोमवारी कौशल्यामावशींनी विचारलं तर? खोटंच सांगायचं असेल तर मी उभीच राहत नाही."

सुहासिनी मला हातावर घेऊन शेजारी गेली.

"ताई, ही शाळेची साडी नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत. रविवारी निरूचं दृढीकरण आहे. याल?"

कौशल्याताई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मी काय केलं असतं गं तुला?"

रविवारी त्या आल्या नाहीत. निरुपमा मला नेसून उभी राहिली, जरा अडखळत पण सगळं बोलली. पुढच्या बाकावर सुहासिनी रडत होती.

आता मी विरले आहे. आणखी एका मुलीला पुरणार नाही. जिन्यात सुहासिनी रोज विचारते, "केम छो, ताई?" कौशल्याताई मान हलवतात आणि पुढे जातात. माझं एवढंच मागणं आहे: देवासमोर जे बोललात, ते शेजारणीला सांगायला इतका उशीर लावू नका.